किकमागे धावताना कुणी वाटेत आलं तर? रग्बीतल्या अडवणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रग्बी नव्याने बघायला लागलेल्यांना स्क्रम (दोन्ही संघांचे गडी एकमेकांत गुंतून रेटतात तो प्रकार) कळत नाही म्हणून ते गप्प बसतात. पण चेंडू उंच उडाला आणि त्यामागे धावणारा कुणाला तरी आपटून थांबला, की सगळ्यांनाच मत असतं. "सरळसरळ अडवलं!" आणि "तो बिचारा आपल्या जागी उभा होता!" ही दोन वाक्यं एकाच वेळी एकाच सोफ्यावरून ऐकू येतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून हे वाद फार वाढले, कारण पंचांनी जुन्या नियमाकडे नव्याने लक्ष द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे घेतले आहेत. उत्तरांमध्ये नियम आहेत, आणि जिथे नियम संपतो तिथे माझं मतही आहे.

नियमपुस्तकात नेमकं काय लिहिलंय?

नववा नियम फाउल प्लेचा, म्हणजे गैरखेळाचा. त्यातली चार कलमं किकच्या पाठलागात सतत कामाला येतात.

कलम ९.१ म्हणतं की दोन प्रतिस्पर्धी चेंडूकडे धावत असतील तर एकमेकांना धक्का द्यायचा नाही. चालतो तो फक्त खांद्याला खांदा. ९.२ प्रमाणे ऑफसाइड, म्हणजे चेंडू खेळणाऱ्या आपल्या साथीदाराच्या पुढे, असलेल्याने मुद्दाम कुणाच्या वाटेत यायचं नाही. ९.४ सांगतं की प्रतिस्पर्ध्याची चेंडू खेळण्याची संधी मुद्दाम हिरावून घ्यायची नाही, मात्र तुम्ही स्वतः त्याच चेंडूसाठी झुंजत असाल तर हरकत नाही. आणि ९.१५ : स्क्रम, रक (जमिनीवरच्या चेंडूवरची रेटारेटी) आणि मॉल (उभ्या चेंडूवाल्याभोवतीची रेटारेटी) सोडून, ज्याच्या हातात चेंडू नाही त्याने चेंडू नसलेल्या दुसऱ्याला धरायचं, ढकलायचं किंवा अडवायचं नाही.

चारही कलमांची शिक्षा एकच, पेनल्टी: चेंडू प्रतिस्पर्ध्याला, हवं तर थेट गोलवर किक मारण्याच्या हक्कासह. पंचांनी दोन्ही हात छातीसमोर उघड्या कात्रीसारखे आडवेतिडवे धरले की समजायचं, अडवणूक झाली.

मग २०२४ मध्ये नवा नियम आला, असं सगळे का म्हणतात?

नियम नवा नाही. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने २०२४ च्या शरदातल्या कसोटी सामन्यांआधी पंचांना सांगितलं की किक झेलणाऱ्यासमोर त्याचे साथीदार जी भिंत उभी करतात ती आता कडकपणे पाहा. त्याआधी कित्येक वर्षं ही भिंत खेळाचा भाग मानली जात होती. या साथीदारांना इंग्रजी समालोचक 'एस्कॉर्ट' म्हणतात, तोच शब्द आपणही वापरू.

भिंत कशी बनायची ते पाहा. प्रतिस्पर्धी स्क्रम-हाफने (रकमधून चेंडू बाहेर काढणाऱ्याने) रकच्या मागून उंच किक मारली, हिलाच बॉक्स किक म्हणतात. आपला फुलबॅक (सगळ्यात मागचा गडी) किंवा विंगर (कडेचा गडी) झेलायला खाली उभा. आपले दोन-तीन गडी झेलणाऱ्याकडे मागे पळत निघायचे. दिसायला मदतीला चाललेले, पण पळायचे नेमके धावत येणाऱ्या विंगरच्या रेषेत, आणि शेवटच्या काही पावलांत वेग कमी करायचे. कुणी कुणाला हात लावला नाही, ढकललं नाही. तरी चेसरला, म्हणजे किकमागे धावणाऱ्याला, वळसा घालावा लागायचा आणि तो पोचेपर्यंत चेंडू आरामात झेललेला असायचा.

एवढ्याशा वळशाने काय बिघडतं?

सगळंच. चेंडू चार सेकंद हवेत राहिला असं धरा. चांगल्या बॉक्स किकला एवढा वेळ मिळतो. हवेचा विरोध सोडून दिला तर असा चेंडू वीसेक मीटर उंच जातो. तेवढ्या वेळात ताकदीचा विंगर पंचवीस-तीस मीटर अंतर कापतो, आणि किक मारणारा नेमक्या तेवढ्याच अंतरावर चेंडू टाकायचा प्रयत्न करतो. म्हणजे चेसर आणि चेंडू एकाच क्षणी एकाच ठिकाणी यावेत असा सगळा हिशेब. सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणाऱ्याचा अर्धा सेकंद गेला तर तो चार मीटर मागे राहिला. चार मीटर मागून कुणी उडी मारून चेंडू मिळवत नाही.

म्हणून "अहो, जरासाच तर आडवा आला" हा बचाव मला पटत नाही. या खेळात जरासं हेच पुरेसं असतं, आणि भिंत बनवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

झेलणाऱ्याच्या साथीदारांनी करायचं तरी काय? हवेत विरघळून जायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात न्याय्य प्रश्न. मैदानात तीस माणसं आहेत, कुणीतरी कुणाच्या तरी वाटेत असणारच.

पंच काय बघतात ते पाहिलं की चित्र बरंच स्पष्ट होतं. माझ्या मते क्रम असा लागतो.

सर्वात आधी रेषा. तुम्ही चेंडू पडणार तिकडे सरळ मागे पळत असाल आणि रेषा बदलली नाही, तर तुम्ही तिथे असण्यात गैर काही नाही. मागे वळून पाहिलंत, चेसर डावीकडून येतोय हे बघितलंत आणि तुम्हीही डावीकडे सरकलात, तर खेळ संपला. मान वळते तो क्षण टीव्हीवर फार छान दिसतो. ज्याला चेंडूत रस आहे तो चेंडूकडे बघतो. जो चेसरकडे बघून धावतो त्याला चेसरमध्ये रस आहे.

त्यानंतर वेग. रेषा तीच ठेवून अचानक ब्रेक लावणं हीसुद्धा अडवणूकच. पूर्वी हे सर्रास चालायचं.

मग हात. बाजूला पसरलेले हात, जर्सीची हळूच धरलेली कड, चेसरच्या छातीवर टेकवलेला तळवा, यांवर वाद घालायला जागाच नाही.

आणि जो आधीपासूनच उभा आहे, त्याचं काय? किक होताना एखादा फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणाऱ्यांपैकी एक) मैदानाच्या मध्यात उभा आहे, हलला नाही, वळला नाही, आणि चेसरच त्याला येऊन धडकला. त्याला सहसा शिक्षा होत नाही. वाट मोकळी करून देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. वाट बंद करण्याची मुभाही नाही. पण तोच फॉरवर्ड शेवटच्या क्षणी अर्धं पाऊल बाजूला टाकून खांदा पुढे काढतो तेव्हा तो "उभा" राहिलेला नसतो.

साथीदाराने मदतीला जाणं हाच गुन्हा ठरला का?

नाही. झेलणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला जाऊन उभं राहा, चेंडू निसटला तर पडून उचला, झेलला तर लगेच रकला पोचा. हे सगळं पूर्वीइतकंच वैध आहे. उलट चांगले संघ आता हेच शिकवतात: झेलणाऱ्यासमोर गर्दी करण्यापेक्षा चेंडू कुठे उसळेल तिथे माणसं उभी करा.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. चेंडू झेलला गेला त्या क्षणी झेलणाऱ्याच्या पुढे असलेले त्याचे सगळे साथीदार आपोआप ऑफसाइड होतात, कारण चेंडू आता त्यांच्या मागे आहे. तेव्हापासून ९.२ लागू. त्यांनी टॅकल करायला, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडायला, येणाऱ्याच्या वाटेत यायचं नाही, आणि झेलणाऱ्यानेही त्यांच्या आडोशाने पळायचं नाही. मुद्दाम स्वतःच्या ऑफसाइड साथीदारावर धावून जाऊन प्रतिस्पर्ध्याची वाट रोखली तर ती चेंडू धारण करणाऱ्याचीच चूक धरतात.

खांद्याला खांदा म्हणजे नेमकं किती?

जमिनीवरून घरंगळणाऱ्या ग्रबर किकमागे दोघं धावताहेत, दोघांचीही नजर चेंडूवर, दोघंही शेजारी-शेजारी. अशा वेळी एकाने दुसऱ्याला खांद्याने रेटलं तर ते चालतं. हाताने ढकललं, मागून पाठीत खांदा घातला, किंवा समोरून छातीवर आदळला, तर चालत नाही. फुटबॉल पाहणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, पण एक फरक लक्षात ठेवा: फुटबॉलमध्ये चेंडू पायाच्या टप्प्यात असेल तर पाठ करून प्रतिस्पर्ध्याला रोखून धरता येतं. रग्बीत चेंडू उचलायचा किंवा लाथाडायचा. नुसता अंगाने झाकून ठेवायची सोय नाही.

चेसर मुद्दामच जाऊन धडकतो आणि पेनल्टी मागतो. त्याला काही शिक्षा?

इथे मला आजच्या पंचगिरीबद्दल तक्रार आहे. भिंत बांधणाऱ्यांवर कडक नजर आली तशी चेसरांची नाटकंही वाढली. वाट मोकळी असताना मागे परतणाऱ्या खेळाडूच्या पाठीत घुसायचं, दोन्ही हात वर करायचे आणि पंचांकडे बघायचं. नियम दोघांनाही सारखाच आहे. ९.१ आणि ९.१५ मध्ये "बचाव करणाऱ्याने" असं कुठेही लिहिलेलं नाही. चेसरने रेषा सोडून प्रतिस्पर्ध्याला शोधून धडक दिली तर पेनल्टी उलट्या बाजूला जायला हवी. काही पंच असा निर्णय देतात, पण फार थोडे. इतर वेळी नुसतं "खेळा" म्हणून सोडून देतात, आणि नाटकाला काही किंमत मोजावी लागत नाही.

चेसर ऑनसाइड होता की नाही हे कसं ठरतं?

किक मारताना जो किकरच्या मागे होता तो ऑनसाइड. तो हवा तसा धावू शकतो. जो पुढे होता तो ऑफसाइड. त्याने पुढे सरकायचंही नाही. किकर स्वतः, किंवा किकच्या वेळी मागे असलेला दुसरा कुणी, धावत त्याच्या पुढे गेला की तो पुन्हा खेळात येतो. म्हणून किक मारल्यावर किकर कधीकधी वेड्यासारखा पुढे पळत सुटलेला दिसतो. चेंडू मिळवण्यासाठी नाही, पुढे अडकलेल्या आपल्या माणसांना मोकळं करण्यासाठी.

शिवाय दहा मीटरचा नियम आहे. चेंडू जिथे पडणार किंवा झेलला जाणार तिथून किकरच्या बाजूला दहा मीटरवर मैदानभर एक आडवी काल्पनिक रेषा समजा. किकरच्या पुढे असलेला जो कुणी त्या रेषेपलीकडे असेल त्याने लगेच मागे फिरायचं. नुसतं हात वर करून "मी खेळत नाहीये" असं दाखवत उभं राहणं चालत नाही. चूक अनेकांची असेल तर चेंडूच्या सर्वात जवळ असलेल्याला शिक्षा होते.

'ड्युपाँ लॉ' म्हणतात तो हाच का?

त्याच घरातला, पण वेगळा. आधी अशी तरतूद होती की प्रतिस्पर्ध्याने चेंडू झेलून पाच मीटर पळवला किंवा पास केला की किकरच्या पुढे असलेले, दहा मीटरबाहेरचे खेळाडू ऑनसाइड होत. मग ते मागे कशाला येतील? मध्यात निवांत उभे राहायचे. झेलणाऱ्याने पळायला सुरुवात केली तर आयतेच त्याच्या अंगावर. म्हणून तोही न पळता परत किक मारायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मरेफील्डवर स्कॉटलंड-फ्रान्स सामन्यात हे इतकं लांबलं की प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. फ्रान्सचा स्क्रम-हाफ आंत्वान ड्युपाँ ही फट चतुराईने वापरायचा म्हणून त्याचं नाव चिकटलं. १ जुलै २०२४ पासून फट बुजवली. आता प्रतिस्पर्ध्याच्या पळण्याने किंवा पासने कुणी ऑनसाइड होत नाही. मागे फिरण्याचा खरा प्रयत्न करावाच लागतो.

किकचा पाठलाग समजून घ्यायचा तर २०२४ चे हे दोन्ही बदल एकत्र बघायला हवेत. जुलैमध्ये किक मारणाऱ्या संघाच्या आळशी उभं राहण्याला चाप बसला, आणि नोव्हेंबरमध्ये झेलणाऱ्या संघाच्या भिंतीला.

मी चिप (छोटी, डोक्यावरून जाणारी किक) मारून स्वतःच मागे धावलो आणि समोरच्याने मला अंगावर घेतलं. तो म्हणतो, "मी थांबूच शकलो नाही."

यासाठी वेगळं कलम आहे, ९.२५. नुकतीच किक मारलेल्या खेळाडूवर मुद्दाम धावून जायचं नाही आणि त्याला अडवायचं नाही. किक अडवण्यासाठी झेपावलेला आणि हवेत असलेला गडी थांबू शकत नाही, हे पंच मान्य करतात. पण दोन पावलं मिळालेला, किक गेलेली बघितलेला आणि तरी खांदा वळवून उभा राहिलेला गडी हे कारण देऊ शकत नाही.

इथे शिक्षेत एक मजा आहे. पेनल्टी कुठे घ्यायची हे ज्याच्यावर अन्याय झाला तो संघ ठरवतो: जिथे चूक झाली तिथे, चेंडू जिथे पडला तिथे, किंवा तो पुढे जिथे खेळला गेला तिथे. चाळीस मीटर लांब गेलेल्या किकवर उशिरा धक्का मारला तर पेनल्टी चाळीस मीटर पुढे! चेंडू टचलाइनच्या (मैदानाच्या कडेच्या रेषेच्या) बाहेर किंवा अगदी कडेला पडला तर खूण पंधरा मीटरच्या रेषेवर आणतात. म्हणजे थेट गोलवर किक मारायची छान जागा. उशिरा दिलेला धक्का हा या खेळातला सगळ्यात महागडा मूर्खपणा आहे, असं मला वाटतं.

गोल लाइनजवळ चेसरला धरलं आणि ट्राय हुकला. फक्त पेनल्टी?

ट्राय (गोल लाइनपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं) बहुधा झालाच असता असं पंचांना वाटलं तर पेनल्टी ट्राय. सात गुण थेट, वर कन्व्हर्जनची (ट्रायनंतरच्या जादा गुणांची) किक नाही, आणि ज्याने धरलं त्याला किमान पिवळं कार्ड, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. अडचण "बहुधा" ठरवताना येते. चेंडू रग्बीचा, लंबगोल. कुठे उसळेल याची खात्री नाही. म्हणून ग्रबरमागे धावणाऱ्याला जर्सी ओढून मागे खेचलं तरी चेंडू आडवातिडवा उसळत होता म्हणून नुसती पेनल्टी दिलेली बरेचदा दिसते.

अडवणुकीमुळे कधी मोठा अन्याय झाला आहे का?

या विषयावरचं मला माहीत असलेलं सर्वात बोलकं उदाहरण १६ जून २०१८ चं. वेलिंग्टनला न्यूझीलंड विरुद्ध फ्रान्स, मालिकेतली दुसरी कसोटी. सामना सुरू होऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती. उंच किक आली. झेलायला न्यूझीलंडचा ब्यूडन बॅरेट हवेत उडाला. फ्रान्सचा फुलबॅक बेंजामिन फाल त्याच चेंडूकडे येत होता. तो बॅरेटच्या खाली गेला, बॅरेट उलटा होऊन डोक्यावर पडला आणि त्याला मैदान सोडावं लागलं. पंच अँगस गार्डनर यांनी फालला लाल कार्ड दाखवलं. चौदा जणांनिशी खेळणारा फ्रान्स २६-१३ हरला.

नंतर शिस्त समितीने चित्रफीत बारकाईने पाहिली तेव्हा दिसलं की चेंडूकडे जाताना फालला न्यूझीलंडच्या अँटन लीनर्ट-ब्राउनचा धक्का लागला होता. त्या धक्क्याने फाल रेषेवरून ढळला, उडी मारण्याच्या स्थितीत राहिला नाही आणि बॅरेटखाली ढकलला गेला. समितीने लाल कार्ड रद्द केलं. पण निकाल काही बदलला नाही.

या प्रसंगात सगळं आहे. साथीदाराला वाचवायला गेलेल्या माणसामुळेच साथीदार डोक्यावर पडला. म्हणून "भिंत नसेल तर झेलणाऱ्याची सुरक्षा धोक्यात येईल" असं कुणी म्हणालं की मी फालची आठवण करून देतो. सरळ, दिसणाऱ्या वाटेने आलेला चेसर वेळेवर उडी मारू शकतो. भिंतीतून ठेचकाळत बाहेर पडलेला चेसर हवेतल्या माणसाच्या पायाखालीच सापडतो.

हवेतल्या झुंजीत मग काय चालतं?

ज्याचे पाय जमिनीवर नाहीत त्याला टॅकल करायचं नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही: कलम ९.१७. पण दोघांनीही उडी मारली, दोघांचीही नजर आणि हात चेंडूकडे, दोघंही खरोखर झेल घेऊ शकतील अशा जागी, तर धडक झाली तरी खेळ चालू. झुंज न्याय्य नव्हती असं ठरलं तर हवेतला गडी कसा पडला त्यावर शिक्षा वाढते. पाठीवर किंवा कुशीवर पडला तर साधारणपणे पिवळं कार्ड, डोकं, मान किंवा खांद्यावर पडला तर लाल.

"मी चेंडूकडेच बघत होतो" एवढं पुरेसं नाही, हे एप्रिल २०१४ मध्ये सगळ्यांना कळलं. हाइनेकेन कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात बेलफास्टला अल्स्टरचा जॅरेड पेन वर चेंडूकडे बघत धावत आला आणि हवेत असलेल्या सॅरसन्सच्या अॅलेक्स गुडला धडकला. सामन्याची पहिली काही मिनिटंच झाली होती. पंच जेरोम गार्सेस यांनी लाल कार्ड दिलं. अल्स्टर जवळजवळ पूर्ण सामना चौदा जणांनिशी खेळून १५-१७ असा दोनच गुणांनी हरला. पुढल्या वर्षी मरेफील्डवर स्कॉटलंडच्या फिन रसेलला वेल्सच्या डॅन बिगरखाली आल्याबद्दल पिवळं कार्ड मिळालं आणि नंतर दोन आठवड्यांची बंदीही. कुणी उडी मारणार असेल तर आपण तिथे पोचताना काय घडेल याचा अंदाज घेणं ही तुमची जबाबदारी मानली जाते.

उडी मारणाऱ्यालाही परवाना नाही. गुडघा किंवा बुटाचा तळ समोरच्याच्या तोंडाकडे रोखून उडी मारली तर ती धोकादायक खेळात जमा होते.

बॉक्स किक मारणाऱ्या स्क्रम-हाफसमोर तीन-चार जण रांगेत उभे असतात, ती अडवणूक नाही का?

ते रकला बांधलेले असतील, म्हणजे खरोखर खांद्यापासून जोडलेले, तर ते रकचाच भाग. रकमध्ये ९.१५ ची मनाई नाही. म्हणून ती लांबलचक शेपटी बनवतात आणि चेंडू हळूच मागच्या पायापर्यंत आणतात, जेणेकरून किक अडवायला येणारा लांब राहील. पण रकच्या बाजूला, कशालाही न जोडता, नुसता आडोसा म्हणून उभा राहिलेला गडी अडवणूक करतो. हे पंच अजूनही फारसं पकडत नाहीत. एक बाजूची भिंत पाडली आणि दुसरी ठेवली, असा युक्तिवाद झेलणाऱ्या संघांचे पाठीराखे करतात तेव्हा मला उत्तर सुचत नाही. पंच "यूज इट" म्हणाले की पाच सेकंदांत चेंडू खेळावा लागतो, एवढाच काय तो लगाम.

रीस्टार्ट किकवरही हेच नियम?

हो, पण तिथे ऑफसाइडचं भांडण जास्त. ८ जुलै २०१७, ऑकलंडचं ईडन पार्क, न्यूझीलंड आणि लायन्स (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्र संघ) यांची तिसरी, निर्णायक कसोटी. शेवटची मिनिटं, १५-१५. रीस्टार्टला, म्हणजे गुण झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकला, लायन्सचा लिअम विल्यम्स आणि न्यूझीलंडचा कर्णधार कीरन रीड हवेत भिडले. चेंडू विल्यम्सच्या हाताला लागून पुढे गेला आणि समोर असलेल्या साथीदाराने, केन ओवेन्सने, तो पकडून लगेच सोडला. पंच रोमँ पोएत यांनी आधी पेनल्टी दिली, चित्रफीत पाहून आणि सहकारी पंचांशी बोलून ती बदलली, आणि चुकून झालेला ऑफसाइड म्हणून स्क्रम दिला. सामना बरोबरीत, मालिकाही बरोबरीत. यावर दोन्हीकडची माणसं अजून भांडतात. माझ्या मते ओवेन्सने चेंडू खेळला, म्हणून पेनल्टीच. पण ते आत्ता मरो.

सेव्हन्समध्ये?

नियम तेच. मैदान पंधरा जणांचंच, माणसं फक्त सात, त्यामुळे भिंत बांधायला माणसंच उरत नाहीत. पण सेव्हन्समध्ये ज्याने गुण केले तोच संघ पुन्हा किक मारतो. म्हणजे रीस्टार्ट पाठलाग करून परत मिळवला की प्रतिस्पर्ध्याला चेंडू बघायलाही मिळत नाही. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हा सेव्हन्सचा हा खेळ आपल्याकडे पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिला. सेव्हन्सने सुरुवात केलेल्या प्रेक्षकाला पंधराच्या खेळातल्या उंच किका कंटाळवाण्या वाटतात. स्वाभाविक आहे. थोडा धीर धरा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर अडवणं हेच काम असतं. रग्बीत का नाही?

दोन्ही खेळ एकाच मुळातून आलेले, पण अमेरिकेत चेंडूवाल्यापुढे धावून वाट साफ करणं वैध झालं आणि रग्बीत ते पापच राहिलं. ऑस्ट्रेलियन रूल्स मधोमध: तिथे चेंडूपासून पाच मीटरच्या आत प्रतिस्पर्ध्याला अंगाने रोखता येतं. रग्बीचं तत्त्व असं की चेंडूच्या पुढे असलेला माणूस खेळात नसतो. जो खेळातच नाही त्याला कुणाला रोखायचा हक्क कुठला?

या कडकपणाने खेळ बिघडला, असं बरेच जण म्हणतात. खरं का?

तक्रार पोकळ नाही. भिंत गेली, तसा उंच किक मारण्यातला फायदा वाढला आणि संघांनी अशा किका वाढवल्या. दोघं हवेत भिडतात, स्वच्छ झेल कमी होतात, चेंडू निसटतो, नॉक-ऑन (चेंडू हातून पुढे सुटणं), स्क्रम. चेसर आता दोन हातांनी झेलायचा प्रयत्नही करत नाहीत. एका हाताने चेंडू मागे थोपटतात आणि मागून येणारे तो उचलतात. चेंडू मागे गेला तर त्यात बेकायदा काही नाही. विंगर निवडतानाही आता हवेतली ताकद बघतात. इंग्लंडचे टॉमी फ्रीमन आणि टॉम रोबक ही त्याची उदाहरणं. छोट्या चणीच्या, पायात वीज असलेल्या विंगरांचं काय होणार, ही काळजी मलाही आहे.

तरीही मी कडकपणाच्या बाजूने. भिंत असताना उंच किकमध्ये काय होतं? एक जण झेलायचा, समोर तिघं आडवे, रक, पुन्हा किक. त्यात झुंज नव्हतीच. आता पन्नास-पन्नास संधी असते आणि निसटलेल्या चेंडूवर सैरभैर बचाव असतो. अशा अव्यवस्थित क्षणांतून जे ट्राय होतात ते दहा रकनंतरच्या ढकलाढकलीपेक्षा मला तरी बघावेसे वाटतात. नियम सैल करून भिंत परत आणण्यापेक्षा वर म्हटल्याप्रमाणे किकरसमोरच्या आडोशालाही तीच फूटपट्टी लावा, म्हणजे बॉक्स किक मारणं थोडं अवघड होईल आणि तोल आपोआप साधेल.

टीव्हीवर बघताना अडवणूक ओळखायची कशी?

चेंडूकडे बघू नका. सगळा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे हे कठीण आहे, पण रिप्ले आला की नजर खाली ठेवा. चेसर शोधा, मग त्याच्या आणि झेलणाऱ्याच्या मध्ये असलेल्या गड्यांचे पाय बघा. पाय सरळ पडताहेत की आडवे? वेग तोच आहे की मंदावला? मान कुठे वळली? एवढं पाहून तुमचा निर्णय आधी बोलून टाका आणि मग पंचांचा ऐका. मैदानात जाऊन बघत असाल तर टचलाइनपेक्षा गोलच्या मागची जागा घ्या. कडेवरून रेषा बदललेली कळत नाही, मागून लगेच कळते.